अबोल मूल आणि संगणकशास्त्राचें महाविद्यालय

बारावीचा निकाल हातीं आला कीं आपल्या घरांतून जी बैठक भरते, तींत आजोबांपासून आत्यापर्यंत सर्वांचीं मतें पडतात. पडत नाहीं तें फक्त ज्याला शिकावयाचें आहे त्याचें. त्यांतून मूल जात्या अबोल असलें म्हणजे पाहावयासच नको. "हा चार माणसांत मिसळत नाहीं, याला संगणकाला घाला," असा निकाल काका देऊन मोकळे होतात.

आम्हांस या निकालाचें मूळच चुकीचें वाटतें. संगणकाचा व्यवसाय एकलकोंड्यांचा नव्हे. तेथें एकानें लिहिलेली आज्ञावली दुसरा तपासतो, तिसरा चालवून पाहतो. मात्र त्यांत पुष्कळसें बोलणें लेखीच भागतें, हेंही खरें. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्सची वर्दी जगास दिली, ती व्यासपीठावरून नव्हे. संगणकावरून धाडलेल्या एका छोट्या पत्रानें. तेव्हां अबोलपणा ही अपात्रता नव्हे, तशी ती पात्रताही नव्हे. गणिताचें कोडें सोडवितांना मूल जेवणाची हाक विसरतें काय, हें आधीं पाहावें.

महाविद्यालयाच्या केवळ नांवावर भाळूं नये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांना एका शाखेंतील जागांची कमाल मर्यादा उठवून दिली. गर्दीच्या वर्गांत बोलकें मूल आपली वाट काढतें. अबोल मूल चार वर्षें मागच्या बाकावर काढतें आणि एकाही अध्यापकास त्याचें नांव ठाऊक होत नाहीं! म्हणून प्रवेशापूर्वीं तेथें जाऊन विचारावें, प्रात्यक्षिकाच्या एका तुकडींत किती मुलें, आणि प्रयोगशाळा सायंकाळीं उघडी असते काय. 'नॅक'ची मोहर सबंध संस्थेवर असते, 'एनबीए'ची त्या विशिष्ट अभ्यासक्रमावर. जाहिरातींत या दोहोंची सरमिसळ झालेली आढळते.

शिवाय इंजिनियरच व्हावें असेंही नाहीं. ज्याचा ओढा गणिताकडे आहे त्यानें चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा विचार अवश्य करावा. तेथें गणित व संगणकशास्त्र एकत्र शिकवितात, आणि प्रवेश संस्थेच्या स्वतंत्र परीक्षेनें मिळतो. मूल दूर जाईल म्हणून आजी डोळ्यांना पदर लावतील, ती गोष्ट निराळी.

आतां मुलाचें मत कसें काढावें? भरल्या बैठकींत तें मिळणार नाहीं. मान हलली म्हणजे संमति मिळाली, असें तर मुळींच समजूं नये. रात्रीं निजानीज झाल्यावर त्याच्यापुढें कोरा कागद ठेवावा आणि पसंतीचा क्रम त्याच्याच हातानें लिहवून घ्यावा. राज्याच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेंत हा क्रम म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. पहिल्याच फेरींत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली तर ती स्वीकारावी लागते; नाकारल्यास पुढील फेऱ्यांचें दार बंद होतें. म्हणून अर्ज भरतांना तोच कागद समोर असावा, आणि काकांनीं सुचविलेलें नांव त्यांत नसेल तर तें वर चढवूं नये.