कडुनिंबाचा काढा आणि चांदीचे सूक्ष्मकण

गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची जी कोवळी पाने तोंडात टाकतो, त्यांच्याच काढ्यातून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चांदी-सोन्याचे नॅनोकण तयार झाले. डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध केले. गवती चहाच्या कुळातील गवताच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी कणही याच गटाने त्याच वर्षी मिळवले.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण शंभर नॅनोमीटरपर्यंतच्या कणांना नॅनोकण म्हणतात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी विद्युतभारित रूपात असते. वनस्पतीच्या अर्कातील काही घटक तिला इलेक्ट्रॉन देतात. तिचे कण बनू लागतात आणि अर्कातील इतर घटक त्या कणांना वेढून एकमेकांना चिकटू देत नाहीत. पाण्यासारखे स्वच्छ द्रावण पिवळसर, मग तपकिरी होते. सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने टळतात, म्हणून या पद्धतीला ‘हरित संश्लेषण’ असे नाव मिळाले.

वाचकांनी एक भेद मात्र मनाशी पक्का करावा. ‘हरित’ हे विशेषण कृतीचे आहे, तयार झालेल्या पदार्थाच्या निर्धोकपणाचे नव्हे. कण चांदीचेच असतात. शिवाय पानातील घटक ऋतू, जमीन आणि झाडाचे वय यांनुसार बदलतात, त्यामुळे कणांचा आकारही बदलू शकतो. औषधाला तर नेमकी मात्रा लागते.

चांदी जंतुनाशक आहे, यात वाद नाही. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आम्ही डॉक्टर कित्येक दशके वापरत आलो आहोत. परंतु काचेच्या बशीत जंतू मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर असते.

गिरगाव-लालबागच्या चाळींतून येणारे मधुमेही रुग्ण कधी ‘नॅनो सिल्व्हर’ची बाटली दाखवून विचारतात, “डॉक्टर, वनस्पतीचंच आहे, पायाच्या जखमेवर लावू का? चार थेंब पोटात घेऊ का?” माझे उत्तर दोन्हींना नाही असेच असते. चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास ती त्वचेत साठते आणि कातडी कायमची निळसर-राखाडी होते. या विकाराला ‘आर्जिरिया’ म्हणतात. दुकानात विनाचिठ्ठी मिळणारी कोलॉइडल सिल्व्हरची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले. जखमेच्या बाबतीत खरा धोका वाया जाणाऱ्या दिवसांचा असतो. बधिर पायाला वेदना कळत नाही आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावेत. जखम दिसताच डॉक्टरांना दाखवावी; ती काळी पडली, दुर्गंधी आली किंवा ताप चढला, तर परळच्या के. ई. एम.सारख्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. प्रयोगशाळेतील संशोधनाचे कौतुक अवश्य करावे. ते औषध म्हणून सिद्ध होईपर्यंत घरच्या कपाटात मात्र आणू नये.