तीन तारांचा संवाद

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः ही जोडी म्हणजे संगणक नव्हे. १९६५ साली निघालेल्या पीडीपी-८ या यंत्राशेजारी बहुधा एक टेलिप्रिंटर असे. त्याचे नाव टेलिटाइप ३३. चालकाने टंकलेले अक्षर तारेतून यंत्रात जाई आणि उत्तर कागदावर उमटे. यंत्राला आज्ञा देण्याच्या आणि त्याची तक्रार ऐकण्याच्या या जागेला ‘कन्सोल’ म्हणतात.

अक्षराचे आठ अंश आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जातात. म्हणूनच या जोडणीला सिरियल पोर्ट हे नाव. टेलिटाइपमध्ये पुढे एक आरंभखूण आणि मागे दोन समाप्तिखुणा, असे अकरा अंश होत. सेकंदाला ११० अंशांचा वेग, म्हणजे दहा अक्षरे. बहात्तर अक्षरांची ओळ उमटायला सात सेकंदांहून अधिक काळ लागे! पुढे व्हीटी-१०० (१९७८) सारखे पडद्याचे टर्मिनल आले आणि ९६०० हा वेग रूढ झाला. तारा मात्र तीनच पुरत: बोलण्याची, ऐकण्याची आणि दोघांना समाईक अशी तिसरी. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला जोडायची, हे विसरले की दोन्हीकडे शांतता.

इतके जुने साधन टिकले का? यंत्र सुरू होतानाच अडले, तर जाळ्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, कारण जाळे चालू करणारी आज्ञावली अजून जागीच झालेली नसते. अशा वेळी ही तारच बोलते. कागदावर उमटणाऱ्या टेलिटाइपचा तर आम्हांस हेवा वाटतो. यंत्र मेले तरी त्याचे अखेरचे शब्द कागदावर राहत.

तथापि या तारेत एक धोकाही होता. सन कंपनीच्या स्पार्क यंत्रांना कळफलक जोडलेला नसला, तर ती आपण होऊन सिरियल पोर्टलाच कन्सोल मानत. एका अक्षराला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ तार शून्यावर राहिली, तर तिला ‘ब्रेक’ म्हणतात. तो मिळताच सनचे यंत्र चालू काम थांबवून ‘ओके’ एवढेच लिही आणि आज्ञेची वाट पाही. आता गंमत अशी, की टर्मिनल नुसते बंद केले तरी कित्येकदा तारेवर ब्रेक उमटे. दिवसाअखेर कोणी काटकसरीने बटण दाबावे आणि शेकडो लोकांचे काम अडावे! जाणता माणूस टर्मिनल पुन्हा लावून ‘गो’ टंकी, की यंत्र सोडल्या जागेपासून पुढे चाले. न जाणणारा वीज तोडून यंत्र नव्याने सुरू करी, आणि तबकडीवर न उतरलेले काम गमावी. पुढे सोलॅरिसमध्ये साध्या ब्रेकऐवजी ठराविक तीन कळांचा क्रम मागण्याची सोय झाली.