जुनी मोटारसायकल पीयूसीत का अडकते?

पेट्रोल दुचाकीच्या पीयूसी चाचणीत इंजिन आयडलिंगला ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि दोन घटक मोजतात: कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोकार्बन (एचसी). ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला सीओची मर्यादा ४.५ टक्के, एचसीची ९००० पीपीएम. त्यानंतरच्या, म्हणजे समजा २००६ सालच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. बहुतेक जण फक्त ‘पास’ की ‘फेल’ एवढेच वाचतात. खरे निदान त्या दोन आकड्यांत असते.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा कमी पडली की कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि सीओ वाढतो. एचसी म्हणजे न जळताच बाहेर पडलेले इंधन. त्यामागे खराब स्पार्क प्लग, गळका व्हॉल्व्ह किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगमधून वर येणारे ऑइल असू शकते. ऑइल जळत असेल तर धूर निळसर दिसतो.

माझी २००६ ची गाडी सीओवर नापास झाली, तेव्हा मेकॅनिकने कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू फिरवून दिला. सीओ उतरला, पण आता एचसी मर्यादेबाहेर! कारण मिश्रण फार पातळ झाले की ठिणगी पडूनही ज्योत सिलिंडरभर पसरत नाही आणि पेट्रोल तसेच बाहेर जाते. मूळ दोष भलताच निघाला. केबल अडकल्यामुळे चोक पूर्ण मागे जात नव्हता आणि त्या वाटेने जादा पेट्रोल येत होते. केबल साफ करून स्क्रू मूळ जागी आणला, गाडी पास झाली.

‘एअर फिल्टर बदला’ हा सल्ला सर्रास मिळतो. फिल्टर जरूर बदला, पण आयडलिंगला इंजिन हवा फारच थोडी ओढते. तुंबलेल्या फिल्टरचा त्रास रस्त्यावर जास्त जाणवतो. चाचणीला मात्र गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून, गरम इंजिनानेच न्यावी.

स्क्रूला हात लावायचाच असेल तर तो हवेचा की पेट्रोलचा, हे आधी पाहा. हवेचा स्क्रू सहसा फिल्टरच्या बाजूला असतो, तो आवळला की मिश्रण घट्ट होते. पेट्रोलचा इंजिनच्या बाजूला असतो, तो आवळला की पातळ. तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग इथेच उलटे सांगतो.