परीक्षेसाठी केलेली फिल्म

‘पिस्तुल्या’ तयार झाली ती थिएटरसाठी नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे तेव्हा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजचे विद्यार्थी होते. फिल्म जेमतेम पंधरा मिनिटांची. शाळेत जायची ओढ लागलेला एक पारधी मुलगा, आणि शाळेच्या आधी पोट. या गृहपाठाला २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर गटातला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. देशभरातून मुलं तिथे येतात. नगरचा विभाग त्या तोलामोलाचा कधीच नव्हता. जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजातला एक विभाग, बस्स. पण एसटीने येणाऱ्या पोरांनी कॅमेरा हातात घ्यायचा, तर तो अशाच ठिकाणी.

त्याआधी फिल्म आणि गावातली शाळा यांचं नातं एकाच दिशेचं होतं. फिल्म वरून यायची, मुलं खाली बसून बघायची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहामार्फत टीव्ही पोहोचला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या उभारून! सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी थोरांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात शालेय कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था आली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर बघत एक पिढी मोठी झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. एवढी मोठी संस्था इतकी गुपचूप मिटली, याची हळहळ अजून कुणाकुणाला वाटते.

बघण्यात आणि करण्यात फरक कुठे पडतो?

‘मुलाला शाळेत जायचं होतं’ हे निबंधात एका ओळीत उरकतं. दहापैकी आठ मार्क, विषय संपला. कॅमेऱ्यापुढे ते वाक्य टिकत नाही. मुलगा उभा कुठे? खिडकीपाशी? मग कॅमेरा वर्गाच्या आत ठेवायचा की बाहेर? आत ठेवला तर गजांपलीकडचा एक चेहरा दिसतो. बाहेर ठेवला तर त्याच्या खांद्यावरून बाक, फळा आणि पाढे म्हणणारी पोरं दिसतात. खिडकी तीच, पण फिल्म दुसरी झाली. मग ऊन बघायचं, तोंडावर सावली पडली तर कुणीतरी थर्माकोलचा तुकडा धरून उजेड परतवायचा. एवढ्यात मागून ट्रॅक्टर जातो आणि आवाज वाया जातो. पुन्हा घ्या. या खटपटीत भाषा, गणित, चौघांत मिळून काम करणं, सगळं न सांगता शिकून होतं.

‘पिस्तुल्या’त कमावलेली नजर ‘फँड्री’त (२०१३) पक्की झालेली दिसते. अकोळनेर गावात कैकाडी कुटुंब डुक्कर धरायला धावतंय. डुक्कर अगदी हाताशी आलंय आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर तेवढं निसटतं. शाळेची शिस्त शाळेच्या कुंपणाबाहेरच्यांना काय भावात पडते, हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही. कॅमेरा कुटुंबाच्या बाजूला आहे, एवढंच. त्या कुटुंबातला मुलगा जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा केम गावचा पोरगा, हलगी वाजवणारा. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग अशी फिल्म आज शाळेतच का करू नये? पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे. त्याच तालुक्यात घाटाकडे गेलं की कातकरी वाड्या लागतात. तिथल्या मुलांनाही कॅमेऱ्यासाठी आता नगर गाठायला नको, तो फोनमध्ये आहे. अडतं ते वेळापत्रकापाशी. चित्रकलेचा तासही जिथे गणिताला जातो, तिथे फिल्मला कुठून मिळणार? तरी कुण्या शिक्षकाने मनावर घेतलंच, तर पहिला गृहपाठ खिडकीचाच द्यावा. एक शॉट आतून, एक बाहेरून.