खाट रिकामी होते कधी?

मार्च २०१७. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या एका अपघातग्रस्ताला आणलं गेलं. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ तिथे नव्हते. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे हलवायला सांगितलं, तर जमावाने त्यालाच बेदम मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बसले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यानंतर सुरक्षारक्षक वाढवण्याचं आणि रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याचं ठरलं. तेही हवंच होतं. पण ज्या उपचाराची सोय तिथे नाही, त्यासाठी रुग्ण तिथवर आला कसा, याची चर्चा फारशी झाली नाही.

गर्दीबाबतही तसंच होतं. कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, गर्दीचं खापर बहुतेक वेळा सर्दी-खोकलेवाल्यांवर फुटतं. दुपारी ओपीडी बंद झाली की हेच लोक आत घुसतात, अशी तक्रार असते. ती खोटी नाही. तालुक्यातालुक्यात दुपारी दोन ते रात्री दहा चालणारा ‘आपला दवाखाना’ २०२३ मध्ये सुरू झाला, तो याचसाठी. पण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात याचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा वेगळंच दिसलं. किरकोळ दुखण्याच्या रुग्णांमुळे गंभीर रुग्णांचं थांबणं जवळजवळ वाढत नाही. किरकोळ रुग्ण बाकावर बसतो, गोळी घेतो, घरी जातो. त्याला खाट लागत नाही.

अडतं ते खाटेपाशी. साधा हिशोब करून पाहा. तासाला सहा रुग्ण येतात आणि प्रत्येक जण सरासरी दोन तास थांबतो, तर कॅज्युअल्टीत कोणत्याही वेळी बारा जण असणार. तेच चार तास थांबले तर चोवीस. बाहेरून एकही जास्तीचा माणूस आला नाही, तरी गर्दी दुप्पट! जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं आणि कारखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं. मग रुग्ण चार तास का थांबतो? कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी तपासलेलं असतं, सलाइन लागलेलं असतं, भरतीचा कागदही झालेला असतो. वॉर्डातून निरोप येतो, ‘खाट नाही.’ स्ट्रेचर अडकतं, आणि पुढच्या १०८ रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्याला स्ट्रेचरच मिळत नाही.

आता वॉर्डात चला. सकाळी दहाच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, ‘यांना सोडा.’ तोंडी सुटी झाली. पण डिस्चार्ज कार्ड लिहायचं ते निवासी डॉक्टरने, आणि तो शस्त्रक्रियागृहात किंवा खाली कॅज्युअल्टीत. कार्ड तयार होतं दुपारी तीन-चारला. मग सही, मग औषधांच्या खिडकीवरची रांग. पाच वाजून जातात. रुग्ण पारोळ्याचा किंवा साक्रीच्या पलीकडच्या पाड्यावरचा असला, तर गावाकडची शेवटची एसटी गाठायची कशी? वॉर्डातल्या मावशी म्हणतात, ‘ऱ्हा आता, सकाळी जा.’ माणुसकी म्हणून बरोबरच. पण बऱ्या झालेल्या माणसाने ती खाट रात्रभर अडवली आणि रात्रीचा अपघात खाली स्ट्रेचरवर राहिला. कॅज्युअल्टीत दहा खाटा वाढवण्यापेक्षा हे कार्ड बारा वाजायच्या आत लिहून होणं मला जास्त मोलाचं वाटतं. उद्घाटनाची फीत मात्र खाटांनाच लागते.

मग वेळच बांधून द्यावी? इंग्लंडने या शतकाच्या सुरुवातीला तसा नियम केला: कॅज्युअल्टीत कोणी चार तासांपेक्षा जास्त थांबता कामा नये. थांबणं खरोखर कमी झालं. पण आकडेवारीत एक गंमतही दिसली. चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्णांना एकदम वर पाठवलं जाई. घड्याळ लावलं की माणूस घड्याळासाठी काम करतो, तिकडेही.

दुसरी गाठ ‘रेफर’ची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. जुलै २०२३ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला. अशा दिवशी झालेल्या गर्दीला कोणी बोल लावू नये. पण कपाशीच्या निंदणीत साप चावलेली बाई, जिच्यावर पहिले उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हायला हवेत, तीही अनेकदा नुसत्या चिठ्ठीवर जिल्ह्याला येते. खरं तर घोणस किंवा फुरशाचं विष ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलं आहे, आणि प्रतिविष तिथेच सुरू करायचं. नाग-मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, पण पापण्या जड होऊन खाली येतात. तेही डोळ्यांनी दिसतं.

चिठ्ठीवर मात्र ‘फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढीच ओळ असते. नळी किती वाजता पाहिली, प्रतिविषाच्या किती बाटल्या गेल्या, काहीच नाही. म्हणून जिल्ह्याचा डॉक्टर पुन्हा रक्त घेतो, पुन्हा वीस मिनिटं थांबतो. गाडी निघण्याआधी एक फोन झाला, तर हे सगळं त्याला आधीच कळतं, आणि हवे ते तज्ज्ञ आज रात्री जळगावात आहेत की धुळ्यात, हेही चालकाला गाडी सुरू करतानाच सांगता येतं.