नव्या पुलानं कोंडी फुटते का?
लेखमाला : रस्त्याचं गणित

परळीहून परभणीला निघालेल्या माणसाचा वेळ गोदावरीवर जात नाही. गंगाखेड सोडलं की नदी लागते, पूल लागतो आणि बघता बघता पलीकडचा तीर येतो. वेळ जातो तो गावातून बाहेर पडताना. उसाच्या मोसमात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, थर्मल वीज केंद्राची राख नेणारा बल्कर आणि त्यांच्यामधून घुसणारी ऑटो, तिघांनाही त्याच वळणावर वळायचं असतं. तरी वाहतूक तुंबली की मागणी होते पुलाची. पुलाचं भूमिपूजन करता येतं; वळण रुंद केल्याबद्दल कोण नारळ फोडणार?

आता हिशोब बघू. अडथळा नसलेल्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० मोटारी जाऊ शकतात. म्हणजे एका दिशेला तीन मार्गिका असलेला पूल ६,००० मोटारी पलीकडे पोचवेल. पण पूल उतरताच तेवढ्याच रुंदीच्या रस्त्यावर सिग्नल असेल आणि हिरवा दिवा निम्माच वेळ मिळत असेल, तर पुढे सरकणार ३,०००. उरलेल्या पुलावर उभ्या राहणार. मार्गिका सहा केल्या तरी रांग फक्त आडवी पसरेल.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण वाशीचं. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. तो अपुरा पडला म्हणून १९९७ मध्ये सहा मार्गिकांचा दुसरा आला, आणि २०२४-२५ मध्ये त्याच्या दोन्ही अंगांनी तिसरा. मधल्या काळात पलीकडे नवी मुंबई वसली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ११ लाखांवर होती. पुलामुळे घरं झाली, घरांमुळे गाड्या आल्या, गाड्यांमुळे पुढचा पूल. मी याला पुलाचं अपयश म्हणणार नाही, शहर वसवायचंच होतं. पण ‘कोंडी फोडायला’ म्हणून त्याची जाहिरात करू नये. बाजूलाच १९९२ पासून लोकलचा पूल आहे. माणसं मोजली तर खरं ओझं तो वाहतो, पण त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही.

रस्ता वाढवला की गर्दीही वाढते, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं. रस्ता मोकळा दिसला की वेळ बदलून जाणारे, दुसऱ्या वाटेनं जाणारे, बस-रेल्वेनं जाणारे सगळे गर्दीच्या वेळी तिथेच येतात. पुढे २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांची लांबी जितके टक्के वाढते, जवळपास तितकेच टक्के वाहनांची धावही वाढते, असं त्यांना आढळलं.

मग पूल नकोच का? तसं नाही. ओढ्याला पाणी आलं की फरशी पूल बुडतो, एसटी अलीकडेच थांबते, बाळंतीण अडकते. तिथे पूल हवाच. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. त्याजागी नवा बांधताना कोंडीचा प्रश्नच नव्हता. पण ही गरज वेगळी, तिचा हिशोबही वेगळाच मांडावा.

कोंडीच्या नावानं पूल येणार असेल, तर आधी दोन्ही टोकांच्या चौकांतली वाहनमोजणी मागावी. कोणती गाडी कुठून आली, कुठे वळली, हे त्यात असावं. आणि ती मोजणी कारखाने सुरू असताना व्हावी; जूनमध्ये केली तर उसाच्या ट्रॉल्या कागदावर यायच्याच नाहीत.