न घडवलेल्या यंत्रांचे मोजमाप

संगणकाचा प्रोसेसर घडवणाऱ्या अभियंत्यापुढे जो नित्याचा पेच असतो, त्याला इंग्रजीत ‘ट्रेड-ऑफ’ म्हणतात. आपण त्याला ‘तडजोड’ म्हणतो खरे, पण हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो. तडजोड दोन माणसांत होते आणि माणसाचे मन वळवता येते. येथे समोरचा पक्ष पदार्थविज्ञान हा आहे.

जुन्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी मिसळणाचा डबा असे आणि आत कोठीची खोली. डब्यात नसलेल्या जिनसासाठी कोठीपर्यंत उठावे लागे. प्रोसेसरलगतची ‘कॅश’ नावाची स्मृती म्हणजे हा डबा. तो मोठा केला की फेऱ्या कमी होतात. परंतु हवी ती वस्तू हाती येण्यास वेळ अधिक लागतो, चिपवरील जागा अडते आणि वीजही अधिक खर्ची पडते. बरे, प्रश्न एवढा एकच नसतो. कॅश किती, गणन करणारे घटक किती, एका वेळी किती आज्ञा हाती घ्यायच्या, असे अनेक प्रश्न परस्परांत गुंतलेले असतात. प्रत्येकी चार पर्यायांचे नऊ प्रश्न घेतले तरी २,६२,१४४ संरचना संभवतात.

इतक्या चिपा घडवून पाहणे अशक्य. म्हणून त्यांचे वर्तन दुसऱ्या संगणकावर हुबेहूब वठवून पाहतात. हे ‘सिम्युलेशन’ फार संथ असते. एका संरचनेस एक दिवस धरला, तर अडीच लाख संरचनांसाठी एका संगणकाला सुमारे ६८५ वर्षे लागतील!

२००६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एंगिन इपेक, सॅली मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मार्ग मांडला. सुमारे अडीच लाख संरचनांपैकी अवघ्या एक टक्क्याचे सिम्युलेशन करावयाचे आणि ती उत्तरे कृत्रिम मज्जाजालास शिकवावयाची. जाल प्रथम अंदाज करते, चूक किती झाली ते पाहते आणि त्यानुसार आपली अंतर्गत वजने किंचित बदलते, असे पुनःपुन्हा. काही नमुने मुद्दाम दडवून ठेवून त्यांवर त्याची परीक्षा घेतात. त्या संरचनांच्या कामगिरीत ५५ पटींपर्यंत तफावत होती, तरीही न तपासलेल्या संरचनांविषयीचे अंदाज सरासरी केवळ ४ ते ५ टक्क्यांनी चुकले.

त्याच वर्षी हार्वर्डच्या बेंजामिन ली व डेव्हिड ब्रुक्स यांनी मज्जाजालाऐवजी संख्याशास्त्रातील समाश्रयण पद्धतीने तसेच काम साधले. या पद्धतीचे मूळ लजांद्रने १८०५ साली प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्गांच्या रीतीपर्यंत जाते. नव्या नावांनी दिपून जाणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

मात्र चार टक्क्यांच्या चुकीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दोन संरचनांत तीनच टक्क्यांचे अंतर असेल, तर श्रेष्ठ कोणती हे अशा अंदाजावरून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय चूक सरासरीची आहे. एखाद्या कोपऱ्यातील संरचनेबाबत ती बरीच मोठी असू शकते. म्हणून या साधनाचा उपयोग चाळणीसारखा करावयाचा आणि वर उरलेल्या मोजक्या संरचनांचे सावकाश सिम्युलेशन पुन्हा करावयाचे. ते कोणत्या आज्ञावली चालवून करावयाचे, हवामानाचे गणित की चित्रांची उघडझाप, हे अभियंत्यालाच आधी ठरवावे लागते. आणि आज्ञावली बदलल्या की चाळणीवर उरणाऱ्या संरचनाही बदलू शकतात.